म्हणून दाखवायचा पाठ

पामर्स्टन नॉर्थ
३१ ऑगस्ट २०२५

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, डोळे मिटले, चार शब्द पुटपुटले, आणि मी कुंपणाच्या अलीकडून "आमेन" म्हणून गेले.

फ्लोरा, तुझ्या अब्राहम सरांनी स्टाफरूममध्ये डबा उघडून हेच शब्द पुटपुटले की तू आमेन म्हणायचीस आणि तुझ्या मागून मी. वीस वर्षांची सवय. तोंडातून निघालं. म्हाताऱ्याच्या हातातली पोळी गवतात पडली.

"हे कुठे शिकलात?"

"अलिबागला," मी म्हटलं. "शाळेत."

त्यांना अलिबाग माहीत नव्हतं. असण्याचं कारणही नाही.

हे आमचे शेजारी, टिबोर वाइस. मूळचे हंगेरीचे ज्यू, म्हणजे तुमच्यातलेच. सून, देवयानी, सांगते की सत्त्याण्णव वर्षांचे आहेत. एकटे राहतात. मुलगी एस्थर वेलिंग्टनला असते, रविवारी येऊन फ्रीज भरून जाते. ते लढाईत छळछावणीत होते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल विचारायचं नाही हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मी आल्यापासून पाच महिने आमचं बोलणं फक्त लिंबांवर. त्यांच्या झाडाला हीप्स, म्हणजे ढीगभर, लिंबं आहेत; हा आमच्या मुलाचा, शंतनुचा शब्द. ते लिंबं देतात, मी पोळ्या देते.

मी दुसरी पोळी दिली. या वेळी ते मोठ्याने म्हणाले. मीही मोठ्याने आमेन म्हटलं. मग हसले. दात स्वतःचे आहेत.

"तुम्ही शिक्षिका होता ना?" त्यांनी विचारलं. "मग उद्या या. एक काम आहे."

काम काय ते सांगितलं नाही.

शंतनु या पानांचे फोटो काढून पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर लेकीला मोठं करून दाखवायला सांग. फोनवर तुझ्या कानांत ओरडायचं म्हणजे अर्ध्या अलिबागला बातमी.

गेल्या महिन्यात सरांचं वर्ष झालं असेल. नीट पार पडलं ना?

तुझी
उर्मिला


अलिबाग
४ सप्टेंबर २०२५

उर्मिले,

चार शब्द नव्हेत, दहा आहेत. वीस वर्षं आमेन म्हणालीस, कशाला म्हणतेस ते मोजलं नाहीस, आणि म्हणे गणिताची बाई.

पण मला फार आनंद झाला. लेकीला तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. मला दिसत नाही म्हणून नव्हे, ऐकायचं होतं म्हणून. ती ओरडून वाचते. समोरच्या सरला वहिनी खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही सगळं आवडलं.

एक गोष्ट लिहायची राहिली तुझी. गवतात पडलेल्या पोळीचं त्यांनी काय केलं?

आणि काम काय होतं? आठ आठ दिवस थांबायला मी आता काही तरुण नाही.

सरांचं वर्ष झालं. सगळे आले होते.

फ्लोरा


पामर्स्टन नॉर्थ
१२ सप्टेंबर २०२५

फ्लोरा,

पडलेली पोळी त्यांनी उचलली, शर्टाला पुसली आणि आधी तीच खाल्ली. मी हे लिहिलं नव्हतं, कारण मला ते विचित्र वाटलं होतं. तुला इथे नसूनही दिसलं.

आता काम ऐक. सलग तीन दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले तेव्हा हे कळलं. ते एका दमात सांगत नाहीत. मध्येच उठून चहा करतात, कपबशा पुसतात, परत बसतात.

पहिली गोष्ट, ते सत्त्याण्णव वर्षांचे नाहीत. त्र्याण्णवचे आहेत. छावणीच्या फलाटावर उतरले तेव्हा साडेबारा वर्षांचे होते. रांगेत पुढे उभा असलेला अनोळखी माणूस मागे न बघता म्हणाला, "सोळा सांग." त्यांनी सोळा सांगितलं. सोळाच्या खालच्यांना दुसरीकडे नेत होते. ते वय मग कागदावर तसंच राहिलं. इथे आले तेही त्याच कागदावर.

"नंतर का नाही बदललं?" मी विचारलं.

"त्या वयाने मला वाचवलं," ते म्हणाले. "त्याला टाकून कसं देऊ?"

हे एस्थरलाही माहीत नाही. मीही तिला सांगणार नाही. तुला मात्र सांगितल्याशिवाय राहवेना.

तिथून त्यांना सिमेंटच्या गोण्या वाहायच्या छावणीत पाठवलं. फळ्यांच्या बिछान्यावर खालच्या फळीवर मेनाखेम नावाचा माणूस झोपायचा. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. वाइसकाकांचं खरं वय त्याने त्यांच्या झोपेतल्या बडबडीवरून ओळखलं. कोणाला सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "ऑक्टोबरात तेरा पूर्ण होतील तुला. पाठ करायला लागू." तुमच्यात मुलाला तेरा पूर्ण झाली की तो सगळ्यांसमोर तुमचा धर्मग्रंथ, तोरा, वाचून दाखवतो ना, ते. पुस्तक नव्हतं, कागद नव्हता. कामाला पाच-पाचच्या रांगेने चालत नेत. मेनाखेम शेजारी चालायचा आणि ओठ न हलवता रोज एक ओळ सांगायचा. एक पाऊल, एक शब्द. अजूनही काका ती ओळ म्हणताना टेबलाखाली पाय आपटतात. मी बघितलं.

ऑक्टोबरात ठरलेल्या दिवशी पहाटे बिछान्यांच्या मागे नऊ माणसं उभी राहिली. दहा जणांशिवाय चालत नाही म्हणे; दहावे हे. तेरा पूर्ण झाले म्हणून आता तेही मोजले जाणार होते, आणि तेरा पूर्ण झाले हे कोणाला कळता कामा नये होतं. सुरुवातीचं स्तोत्र म्हटलं आणि हजेरीची शिट्टी झाली. नेहमीपेक्षा लवकर. मेनाखेम म्हणाला, "उद्या म्हणून दाखव."

दुसऱ्या दिवशी मेनाखेमच्या तुकडीला दुसऱ्या छावणीत नेलं.

"आधी दहा जण नव्हते," काका म्हणाले. "मग वेळ नव्हता. मग लाज वाटायला लागली. देव आहे की नाही ते मला माहीत नाही. पण शिकवलेला पाठ म्हणून दाखवायचा राहिला आहे. तुम्ही शिक्षिका. तुम्हाला कळेल."

कळलं, फ्लोरा.

त्यांनी पाठ केलेला तोराचा तो भाग वर्षातून एकदाच येतो. यंदा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. दहा माणसं हवीत. प्रवास त्यांना झेपत नाही, म्हणून घरीच.

आणि आता आनंदाची बातमी. दहा झाले! शंतनुने मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. तासाभरात दहा जण तयार. मंडळातल्या यशोधनने विचारलंय की सोवळं नेसायचं का. सगळे हिंदू नाहीत हं, एक ख्रिश्चनही आहे, आयझॅक रोहेकर. ऑकलंडजवळ पापाकुराला राहतो. शंतनु ऑकलंडला होता तेव्हापासूनची ओळख. दर गणपतीला सहकुटुंब येतो, आरती तोंडपाठ. मंडळ त्याला नाताळाच्या शुभेच्छा पाठवतं, तो केक पाठवतो. इतक्या लांबून यायला तयार झालाय बिचारा.

तुझी
उर्मिला


अलिबाग
१४ सप्टेंबर २०२५

उर्मिले,

ही काय सत्यनारायणाची पूजा आहे, की येईल त्याला पाटावर बसव?

दहा म्हणजे दहा इस्राएल, आमचे ज्यू. पुरुष, तेरा पूर्ण झालेले. यशोधनला सोवळ्यासकट घरी बसव.

तुझ्या दहांतले नऊ फुकट. एक मात्र सोन्याचा आहे आणि तो तू ख्रिश्चन म्हणून बसवलायस. आयझॅक रोहेकर! अगं, आष्टमीचे आष्टमकर, पेणचे पेणकर, तसे रोह्याचे रोहेकर. आमच्याच लोकांची आडनावं ही. माझ्यासमोर वीस वर्षं बसून चहा प्यायलीस, फ्लोरा आष्टमकर असं मस्टरवर रोज वाचलंस, आणि रोहेकर तुला नाताळवाला वाटला? किती वर्षं पाठवताहेत त्याला शुभेच्छा? आणि तो केक देतो! स्वभाव बघ आमच्या लोकांचा. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून दुसऱ्याचा सणसुद्धा करतील.

आता नीट वाच.

एक. वेलिंग्टनच्या सिनेगॉगला एस्थरकरवी कळव. तोराची गुंडाळी तेच आणतील. नुसत्या पुस्तकावर भागत नाही.

दोन. शनिवार नको. तो आमचा विसाव्याचा वार, वेलिंग्टनकरांना गाडी चालवता येत नाही. सोमवारी सकाळीही तो भाग वाचतात, सोमवार घ्या.

तीन. माणसं मोजायची नाहीत. "एक, दोन" असं माणसावर बोट ठेवून मोजणं वाईट. "एक नाही, दोन नाही" असं म्हणायचं.

चार. नऊवर थांबू नकोस. नऊ म्हणजे काहीच नाही. नऊ आणि एक सारखेच. हे तू गणिताच्या डोक्याने समजू नकोस, माझं ऐक.

फ्लोरा


पामर्स्टन नॉर्थ
२८ सप्टेंबर २०२५

फ्लोरा,

रोहेकरला मी स्वतः फोन केला. म्हटलं, "आयझॅक, तुम्ही ज्यू आहात?"

मग म्हणाला, "हो काकू. पण केक आवडत होता ना सगळ्यांना?"

"बारा वर्षं बोलला नाहीत?"

"पहिल्या वर्षी बोलायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी उशीर झाला होता."

मग मी काकांचं सगळं सांगितलं. वयाचं सोडून. तो म्हणाला, "नो वरीज काकू, आम्ही येतो." त्याची बायको डायना मागून ओरडली, "काय न्यायचं विचार!"

एस्थरला काकांनी तोराचं सांगितलं, वय नाही. ती वेलिंग्टनच्या लोकांशी बोलली. सोमवार सत्तावीस ऑक्टोबर ठरला. त्या दिवशी इथे लेबर डे, सगळ्यांना सुट्टी. तिकडून सात जण एका गाडीत येणार, गुंडाळी मांडीवर घेऊन. शंतनुच्या ऑफिसात गवतावर संशोधन करणारा एक डेव्हिड आहे. सहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसतो. शंतनुने धीर करून विचारलं, तर तोही तुमच्यातलाच निघाला. येतो का विचारलं तर स्वीट अ‍ॅज म्हणाला, म्हणजे झकास. म्हणजे सात, डेव्हिड, काका आणि रोहेकर. बरोबर दहा, एकही जास्त नाही. तू म्हणतेस तसं मोजलं नाही, पण आले हिशोबात.

एक बोलते. सगळं जमवलं कोणी? मी आणि तू. आणि मोजायचं म्हटलं की आपण दोघी मिळून शून्य.

आणि आणखी एक. तुझं मागचं पत्र मी पुन्हा वाचलं. नऊ म्हणजे काहीच नाही हे तू इतकं दाबून लिहिलंयस की फोटोतसुद्धा कागदाला खड्डा दिसतो. काय झालंय?

तुझी
उर्मिला


अलिबाग
५ ऑक्टोबर २०२५

उर्मिले,

शून्याशिवाय दहा लिहून दाखव. मग बोल.

दारफाळणीचा, आमच्या वर्षातला सगळ्यांत कडक उपास गुरुवारी झाला. पाणीसुद्धा नाही. लेक म्हणत होती या वयात नको. केला. ठणठणीत आहे.

सरांच्या वर्षाला सगळे आले होते असं मी लिहिलं, ते खरं आहे. सगळे म्हणजे सात. आळीत आता आमचे पुरुष तेवढेच उरलेत. तिघे ठाण्याहून यायचे होते. पावसात मांडव्याच्या बोटी बंद, म्हणून गाडीने निघाले आणि वडखळला अडकले. आम्ही सकाळी साडेअकरापर्यंत वाट पाहिली. मग सगळ्यांनी चहा घेतला आणि घरी गेले. मृताच्या नावाची जी प्रार्थना असते ती दहांशिवाय म्हणत नाहीत. म्हटली नाही. ठाणेकर दीड वाजता पोचले. तोवर आमच्यातले दोघे कामावर गेले होते. म्हणजे आठ.

मी कोणाला काही बोलले नाही. कोणाची चूक नव्हती. तुलाही सांगणार नव्हते. तू विचारलंस.

म्हणून तुझ्यावर खेकसले. तुझ्या म्हाताऱ्याला एक्क्याऐंशी वर्षं झाली. मला दोन महिने झालेत, तर मला झोप नाही.

आता कामाचं. पार पडलं की मलिदा करायचा. आम्ही कुठलंही चांगलं कार्य झालं की करतो. पातळ पोहे धुऊन घे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, बदाम. वर पाच प्रकारची फळं. एक ताट भरून. आमचा संदेष्टा एलियाहू हानाबी, त्याचं नाव घेऊन वाटायचं. एलियाहू आमच्या कोकणात येऊन गेला, रथाच्या चाकाची खूण खडकावर आहे. न्यूझीलंडला यायला त्याला कितीसा वेळ. हंगेरीतले लोक मलिदा करत नाहीत. तरी कर. खातील.

फ्लोरा


पामर्स्टन नॉर्थ
२७ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळ

फ्लोरा,

पहिल्यापासून सांगते. उड्या मारून शेवट वाचू नकोस.

वेलिंग्टनची गाडी साडेनवाला आली. सात माणसं उतरली. शेवटचा उतरला त्याने गुंडाळी लहान मूल धरावं तशी धरली होती. डेव्हिड सायकलवरून आला. डोक्यावर हेल्मेट, ते काढलं तर खाली टोपी. काका कधीचे कोट घालून बैठकीत उभे. एस्थर म्हणाली, "डॅड, बसा." ते म्हणाले, "तेव्हाही उभाच होतो."

रोहेकर नव्हता.

तो आणि डायना काल निघाले, वाटेत ताउपोला राहिले, आज सकाळी सातला तिथून निघाले. आठनंतर त्यांचा फोन लागेना. दहा वाजले. वेलिंग्टनच्या मंडळींत पांढऱ्या दाढीचे एक आजोबा मुख्य होते. त्यांनी बोट न दाखवता मोजलं. एक नाही, दोन नाही. "नऊ नाही," म्हणाले आणि थांबले.

साडेदहा झाले. ते एस्थरला बाजूला घेऊन म्हणाले की सकाळची प्रार्थना दुपारपर्यंत ओढता येत नाही, अकरापर्यंत थांबू. काकांना ऐकू आलं. तुझ्यासारखे नाहीत ते, सगळं ऐकू येतं. भिंतीशी उभे राहिले आणि त्यांचा पाय हलायला लागला. एक पाऊल, एक शब्द. मनातल्या मनात म्हणून घेत होते. या वेळीही इतकंच मिळेल असं धरून.

माझ्या डोळ्यांसमोर तुमची आळी. सात जण चहा घेताहेत. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. देवयानी मागून आली, म्हणाली, "आई, चप्पल तरी घाला." मी तिचे रबरी जांडल्स घालून कोपऱ्यापर्यंत गेले.

अकराला सात मिनिटं कमी असताना पांढरी गाडी वळणावर आली. रोहेकरने काच खाली केली. "सॉरी काकू, मेंढ्या!" मॅपने आडरस्त्याने नेलं आणि तिथे एक जण कळप हलवत होता. बाराशे मेंढ्या. अर्धा तास गाडी मध्ये आणि चहूकडे लोकर. फोनला रेंज नाही. डायना म्हणाली, "मी खाली उतरून हाकलल्या! कोकणातल्या शेळ्यांपेक्षा मठ्ठ!"

रोहेकर आत गेला. आजोबांनी परत सुरुवातीपासून मोजलं. शेवटी काकांपाशी आले, त्यांना शेवटी ठेवलं होतं. "दहा नाही," म्हणाले आणि पुस्तक उघडलं.

आणि तेव्हा काका म्हणाले, "थांबा. एक सांगायचं आहे." फ्लोरा, मी घड्याळाकडे बघितलं. पुन्हा थांबा! त्यांनी एस्थरकडे बघितलं आणि तिथेच सगळ्यांसमोर वय सांगितलं. फलाट, सोळा, कागद, सगळं. "या आठवड्यात मी चौऱ्याण्णवचा झालो," म्हणाले. "मुलगा खोटं वय घेऊन उभा राहिला तर चालणार नाही."

एस्थर त्यांच्याजवळ गेली. मग म्हणाली, "डॅड, मी राजाच्या पत्राचा फॉर्म आणून ठेवलाय." इथे शंभरी झाली की राजाचं पत्र येतं. काका म्हणाले, "त्याला थांबायला सांग." आणि ती हसायला लागली आणि रडायला लागली, आणि आजोबा म्हणाले, "अकरा वाजले."

काकांनी वाचलं. वाचलं नाही, म्हटलं. डोळे मिटून, पाय आपटत. आजोबा चांदीच्या काडीने ओळी दाखवत होते, पण तिकडे कोण बघतंय. एका शब्दावर आजोबांनी त्यांना टोकलं. काका थांबले. डोळे न उघडता म्हणाले, "मला असं शिकवलंय," आणि तसंच म्हटलं. आजोबांनी मान हलवली. शिकवणारा कोण हे त्यांना एस्थरने सांगितलं असावं.

अर्थ डेव्हिडने मला कानात सांगितला. तुझा देश सोड, तुझं गोत सोड, बापाचं घर सोड, आणि मी दाखवीन त्या देशी जा. शंतनु माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

संपलं. मग आजोबा ओरडले आणि सगळ्यांनी खिशांतून गोळ्या काढून काकांना मारायला सुरुवात केली! ही तुमची पद्धत तू मला सांगितली नव्हतीस. चौऱ्याण्णव वर्षांच्या माणसावर चॉकलेटांचा मारा. मीही मूठभर घेतली. माझा नेम तुला माहीतच आहे. चष्म्यावर बसली. ते म्हणाले, "मिसेस, तुम्ही खडू मारणाऱ्या बाई होता की काय?" दोन जणांनी त्यांना खुर्चीवर बसवून खुर्चीसकट उचललं. छताला डोकं लागता लागता राहिलं. एस्थर ओरडत होती, "खाली ठेवा, माझा एकच आहे!"

खाली उतरल्यावर मी रोहेकरचा कोट ओढला. म्हटलं, दहा जण उभे आहेत तोवर आणखी एक नाव घ्याल का? सरांच्या वर्षाचं सगळं सांगितलं. त्याने आजोबांना विचारलं, आजोबा म्हणाले घ्या. नाव कसं, वडिलांचं नाव काय, असं विचारलं. मला मस्टर आठवलं. अब्राहम दानिएल. वीस वर्षं ती सही बघितली आहे.

रोहेकरने ती प्रार्थना म्हटली. नऊ जण आमेन म्हणाले. मी दहावी नव्हते, पण मीही म्हटलं. काका सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. प्रार्थना झाल्यावर एस्थरने त्यांना विचारलं, मेनाखेमचंही नाव घ्यायचं का? ते म्हणाले, "तो गेला असं मला कोणी सांगितलेलं नाही."

सरांचं झालं, फ्लोरा. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. तुझ्याकडे तेव्हा पहाट होती.

मलिदा डायनाने आणि मी केला. पोहे तिने ऑकलंडहून, सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून आणले होते. पाचवं फळ कमी पडलं म्हणून काकांचं लिंबू ठेवलं. पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी आधी वास घेतला, मग चमचाभर घेतलं, मग ताटाजवळ खुर्ची ओढली. यशोधन सोवळ्याविना शेवटी पोचला आणि उरलंसुरलं त्याने संपवलं. मंडळाच्या वतीने त्याने रोहेकरची माफी मागितली. रोहेकर म्हणाला, "केक चालू ठेवायचा ना?" ठेवायचा असं ठरलं.

पाय दुखताहेत. उरलेलं उद्या.

मंगळवार, सकाळ

सात वाजता बेल वाजली. काका दारात होते, कोट घालून. गुरुवारीही तोच भाग वाचतात म्हणाले. दहा जण जमतील का, असं विचारून गेले.

उर्मिला